फोटो, प्रश्न आणि उत्तर: त्वचारोगतज्ज्ञाचा दुरून सल्ला नीट कसा घ्यावा

त्वचेची तक्रार असलेला रुग्ण बहुतेक वेळा आधी फॅमिली डॉक्टरकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जातो. तिथले डॉक्टर तपासतात, अंदाज बांधतात, औषध देतात आणि शंका राहिली तर त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी लिहितात. त्या चिठ्ठीत अनेकदा एवढंच असतं: ‘अंगावर चट्टे, ३ महिने, कृपया पाहावे.’ अशा चिठ्ठ्यांवरून रुग्णालयाला भेटीच्या तारखा द्याव्या लागतात. मग निरुपद्रवी मस असलेला माणूस आणि तळपायावर मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, वाढत असलेला माणूस एकाच रांगेत, आले त्या क्रमाने उभे राहतात. पहिल्याला खरं तर यायची गरजच नव्हती, आणि दुसऱ्याचा एकेक आठवडा मोलाचा होता.

दुरून सल्ला घेण्याची पद्धत ही रांग लावण्याच्या कामी येते. प्राथमिक डॉक्टर रुग्णाची माहिती, फोटो आणि एक नेमका प्रश्न सुरक्षित प्रणालीतून तज्ज्ञाला पाठवतात. तज्ज्ञ ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देतात. उत्तर साधारण चार प्रकारचं असतं: तिथेच असे उपचार करा, आधी ही तपासणी करा, नेहमीच्या तारखेला पाठवा, किंवा लगेच पाठवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयाने २००५ पासून काही विभागांत तज्ज्ञाने आधी रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, वाचायचं आणि मगच तारीख द्यायची, अशी रीत सुरू केली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रेफरलच्या संगणकीय प्रणालीतच असा सल्ला मागायची सोय आहे. त्वचेच्या बाबतीत ही पद्धत विशेष जुळते, कारण इथला बराचसा आजार डोळ्यांना दिसतो आणि फोटोत पकडता येतो.

पण बराचसा म्हणजे सगळा नव्हे. त्वचारोगतज्ज्ञ बोटांनीही तपासतो. गाठ कडक आहे की मऊ, चट्टा जाड झाला आहे का, तो गरम लागतो का, त्याखाली काही चिकटलं आहे का, हे कुठलाच कॅमेरा सांगत नाही. म्हणून या पद्धतीचं यश तज्ज्ञाच्या हुशारीपेक्षा पाठवणाऱ्या टोकाला किती काळजी घेतली यावर ठरतं. पाठवणाऱ्याच्या बोटांना जे कळलं ते शब्दांत आलं नाही, तर उत्तर देणारा अर्ध्या माहितीवर निर्णय घेतो.

आधी हे ठरवा: सल्ला मागायचा की रुग्णाला थेट पाठवायचं

काही आजारांत प्रश्न लिहीत बसणं हाच धोका असतो. नवीन औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत ते आठ आठवड्यांत ताप आला, त्वचा दुखू लागली, सोलवटू लागली, तोंडात, डोळ्यांत किंवा जननेंद्रियावर जखमा झाल्या, तर संशयित औषध थांबवून त्याच दिवशी रुग्णालय. औषधानंतर अंगभर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज आणि वाढलेल्या लसिकाग्रंथी (मान, काख, जांघेतल्या गाठी) असतील तरी तेच. अशा रुग्णाच्या यकृताला किंवा मूत्रपिंडालाही इजा होत असू शकते. अंगाची जवळजवळ सगळी, म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त त्वचा लाल होऊन खपल्या सुटत असतील तर शरीराचं तापमान आणि पाण्याचं प्रमाण सांभाळणं कठीण होतं. ताप असताना काचेचा ग्लास दाबूनही न मावळणारे जांभळे ठिपके, दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणारी आणि तासातासाला पसरणारी लाली, इसब असलेल्या मुलाच्या अंगावर अचानक उठलेले एकसारखे, छिद्र पाडल्यासारखे फोड, अंगावर मोठे फोड येऊन त्वचा उघडी पडत जाणं, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आलेली नागीण: या सगळ्यांत फोटो काढून उत्तराची वाट पाहायची नाही. फोन उचलायचा आणि रुग्ण पाठवायचा.

दुसरा गट कर्करोगाच्या दाट संशयाचा. तीळ बदलत असेल तर ग्लासगोची सात मुद्द्यांची यादी हाताशी ठेवण्यासारखी आहे. आकारमान वाढणं, आकार वेडावाकडा होणं आणि रंग असमान होणं या तीन मुद्द्यांना प्रत्येकी २ गुण. ७ मिलिमीटर किंवा जास्त व्यास, दाह, पाझर आणि खाज किंवा वेगळी संवेदना या चार मुद्द्यांना प्रत्येकी १. एकूण ३ किंवा जास्त झाले की तातडीचं रेफरल. या यादीतून एक घातक प्रकार मात्र निसटू शकतो. काही मेलॅनोमा गुलाबी किंवा त्वचेच्याच रंगाचे असतात, नीट गोल असतात. उंचवटा, कडकपणा आणि महिनाभराहून अधिक काळ सतत वाढ ही तीन लक्षणं एकत्र असतील तर रंग साधा दिसला तरी घाई करावी. काही आठवड्यांत वाढलेली, दाबल्यावर दुखणारी, टणक खपलीची गाठ, विशेषतः ओठावर, कानावर किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावर, हीसुद्धा याच गटात मोडते. ज्या आरोग्ययंत्रणेत कर्करोगाच्या संशयासाठी थेट मार्ग आहे तिथे तोच वापरायचा. आधी सल्ला विचारू, मग पाठवू, या विचारात दिवस जातात.

मग दुरून सल्ल्याला उरतं ते काय? भरपूर उरतं. निदान माहीत आहे पण उपचार लागू पडत नाहीत. दोन निदानांत शंका आहे आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गजकर्ण आणि इसब हे त्याचं रोजचं उदाहरण, कारण एकाला स्टिरॉइड मलम बरं करतं आणि दुसऱ्याला तेच पोसतं. म्हातारपणी येणारे तपकिरी, मेण थापल्यासारखे मस निरुपद्रवी आहेत ना, याची खात्री हवी आहे. बायोप्सीचा अहवाल आला आहे पण त्याचा अर्थ लावायचा आहे. सोरायसिसच्या रुग्णाला रक्तदाबाचं कोणतं औषध चालेल हे विचारायचं आहे. तज्ज्ञाच्या दोन भेटींमध्ये औषधाचा डोस बदलायचा आहे. अशा प्रश्नांसाठी रुग्णाने प्रवास करून, दिवस मोडून रुग्णालय गाठायची गरज क्वचितच असते.

प्रश्न लिहिताना

‘कृपया मत द्यावे’ हा प्रश्न नव्हे. तज्ज्ञाला मत देता येतं, पण तुम्ही कुठे अडलात हे त्याला कळत नाही, आणि मग उत्तरही मोघम येतं. चांगल्या विनंतीत किती दिवसांपासून, कुठे सुरू झालं, कसं पसरलं, खाज की दुखणं की बधिरपणा, आतापर्यंत काय काय लावलं आणि खाल्लं, त्याने काय झालं, इतर आजार, चालू औषधं, गर्भारपण, घरात आणखी कुणाला आहे का, आणि तुमचा स्वतःचा अंदाज काय, एवढं यायला हवं. शेवटचा मुद्दा बरेच जण संकोचाने गाळतात. तो गाळू नये. तुमचा अंदाज चुकला असेल तर तो कुठे चुकला हे सांगणं तज्ज्ञाला सोपं जातं, आणि पुढच्या वेळी तेच चित्र समोर आलं की विचारायची गरज उरत नाही.

नमुना म्हणून एक विनंती अशी लिहिता येईल:

‘पुरुष, ३२ वर्षे. कंबर आणि जांघेत ४ महिन्यांपासून वाढणारे खाजरे चट्टे. क्लोबेटासोल (तीव्र स्टिरॉइड) असलेलं मिश्र मलम स्वतःहून ६ आठवडे लावलं. लावल्यावर खाज थांबते, सोडल्यावर दुपटीने येते. घरात आणखी दोघांना खाज. मधुमेह नाही, यकृताचा आजार नाही, दुसरं औषध चालू नाही. चट्ट्यांची कड किंचित उंच, तिथे बारीक खपली. मध्यभाग बराच साफ. स्पर्शज्ञान शाबूत. त्वचेची खरवड तपासलेली नाही. माझा अंदाज: स्टिरॉइडमुळे रूप बदललेलं गजकर्ण. प्रश्न: खरवड तपासून मग गोळ्या सुरू कराव्यात की लगेच? प्रत्यक्ष दाखवणं गरजेचं आहे का?’

हे वाचायला मिनिट लागतं, आणि त्यात तज्ज्ञाला हवं ते जवळजवळ सगळं आहे. ‘स्पर्शज्ञान शाबूत’ हे दोन शब्द मुद्दाम पाहावेत. ज्या भागात कुष्ठरोग आढळतो तिथे कुठल्याही फिकट किंवा लालसर चट्ट्यावर कापसाच्या टोकाने स्पर्श तपासणं हे पाठवणाऱ्याचंच काम आहे, कारण बधिरपणा फोटोत दिसत नाही.

औषधांचा इतिहास विचारताना ‘काही लावलं का?’ यावर थांबू नये. रुग्ण ‘साधी क्रीम’ म्हणतो तिच्यात तीव्र स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक तिन्ही असू शकतात. ट्यूब आणायला सांगावी आणि तिच्या मागच्या बाजूचाही फोटो पाठवावा. पोटात घेतलेल्या औषधांची यादी तारखांसह हवी. औषधाची ॲलर्जी ओळखताना कोणतं औषध कधी सुरू झालं यावरच सगळं अवलंबून असतं.

फोटो: इथेच बहुतेक विनंत्या बिघडतात

तज्ज्ञाने ‘फोटो पुन्हा पाठवा’ म्हटलं की रुग्णाला परत बोलवावं लागतं, आणि वाचवलेला वेळ तिथेच संपतो. म्हणून रुग्ण खोलीतून बाहेर पडण्याआधी फोटो मोठा करून पाहायचा. चट्ट्याची कड आणि शेजारच्या त्वचेवरच्या बारीक रेषा स्पष्ट दिसल्या तर फोटो चालेल. चट्टा धूसर आणि मागची चादर स्पष्ट असेल तर कॅमेऱ्याने फोकस भलतीकडे धरला आहे. पडद्यावर चट्ट्यावर बोट टेकवून पुन्हा काढायचा.

किमान तीन फोटो हवेत. पहिला दुरून: संपूर्ण पाठ, संपूर्ण पाय, दोन्ही हात शेजारी शेजारी. यातून पसारा आणि मांडणी कळते, आणि निदानाचा निम्मा भाग मांडणीतच असतो. कोपर, गुडघे आणि डोक्याच्या कातडीवर खपल्या असतील तर विचार सोरायसिसकडे जातो. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी आणि जननेंद्रियावर खाज असेल तर खरजेकडे. पट्ट्याच्या बक्कलखाली किंवा घड्याळाखाली नेमका चट्टा असेल तर धातूच्या ॲलर्जीकडे. दुसरा फोटो जवळून, चट्ट्यासमोर कॅमेरा काटकोनात धरून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. तिसरा तिरक्या कोनातून, बाजूने उजेड पडेल असा, म्हणजे उंचवटा आणि पृष्ठभाग कळतो. पुरळ जुनं-नवं मिसळलेलं असेल तर सगळ्यात ताज्या, न खाजवलेल्या पुळीचा फोटो वेगळा काढावा. खाजवून रक्त आलेल्या जागेवरून मूळ आजार ओळखू येत नाही.

अंतराबद्दल एक तांत्रिक गोष्ट. फोन फार जवळ नेला की फोकस बसत नाही, किंवा नवे फोन आपोआप रुंद कोनाच्या भिंगावर जातात. मग कडा वाकतात आणि फोनची सावली चट्ट्यावर पडते. २० ते २५ सेंटिमीटर मागे राहून, फोनला दुप्पट मोठं दाखवणारं (2x) भिंग असेल तर ते वापरून फोटो काढणं आणि नंतर कापून घेणं जास्त चांगलं. बोटांनी ताणून केलेला डिजिटल झूम मात्र तपशील वाढवत नाही, नुसते ठिपके मोठे करतो.

उजेड खिडकीतून येणारा, पण थेट ऊन नसलेला हवा. पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की रंग बिघडतो आणि लाली खरी किती हे कळत नाही. फ्लॅशने बारीक खपली पुसट होते, ओल्या जखमेवर चकाकी येते. अंधारी खोली असेल तर जवळून फ्लॅश मारण्याऐवजी लांब उभं राहून मारावा. चेहरा गुळगुळीत करणारा मोड, रंग आपोआप खुलवणारी सोय, रात्रीचा मोड हे सगळं बंद. या सोयी डाग लपवायलाच बनवलेल्या आहेत, आणि इथे डागच पाहायचा आहे.

त्वचेवरचं मलम, पावडर, मेकअप पुसून घ्यावं, पण खपली घासून काढू नये. नखांचा आजार असेल तर रंग काढून विसाच्या वीस नखांचे फोटो घ्यावेत. केस गळत असतील तर भांग पाडून कातडी दिसेल असा एक, आणि डोक्याचा वरून, समोरून, दोन्ही बाजूंनी एकेक. तोंडातल्या जखमेसाठी गाल बाजूला ओढून टॉर्चचा उजेड. मागे साधं निळं किंवा हिरवं कापड असलं की कॅमेऱ्याचा प्रकाशाचा हिशोब चुकत नाही.

नेहमीच्या मेसेजिंग ॲपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, आणि तो पाठवणाऱ्याच्या गॅलरीत, तिथून आपोआप क्लाउडवरही जातो. काही फोटोंत जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा लपलेले असतात. म्हणून कामासाठी ठरवलेलं सुरक्षित ॲप किंवा रुग्णनोंदीची प्रणाली वापरायची, आणि फोटो फोनवर उरू द्यायचा नाही. चेहरा आणि ओळख पटवणारा गोंदण गरज नसेल तर चौकटीबाहेर. जननेंद्रियाचा किंवा लहान मुलाचा फोटो घ्यायचा असेल तर तो खरोखर हवा आहे का याचा आधी विचार, संमतीची वेगळी लेखी नोंद आणि सोबत दुसरी व्यक्ती. मन कचरत असेल तर अशा रुग्णाला सरळ प्रत्यक्ष पाठवणं बरं.

सावळ्या आणि काळ्या त्वचेवर हे सगळं आणखी नाजूक होतं. पाठ्यपुस्तकांत ‘लालसर’ लिहिलेलं असतं ते इथे जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतं. सौम्य दाह तर नजरेतून सुटतोच. फोनचा कॅमेरा गडद त्वचा आपणहून उजळ करतो आणि त्यात दाहाचा रंग हरवतो. उपाय साधा आहे: चौकटीत शेजारची निरोगी त्वचा भरपूर घ्यायची, दुसऱ्या बाजूच्या तशाच भागाचाही फोटो द्यायचा, आणि डोळ्यांनी दिसलेला रंग, हाताला लागलेली ऊब व सूज शब्दांत लिहायची. गडद त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा तळवा, तळपाय आणि नखाखाली तुलनेने जास्त आढळतो. नखातली काळी रेघ रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर उतरला असेल तर त्याला ‘मार लागला असेल’ म्हणून सोडू नये. फोटोवरून निदान सुचवणारी संगणकीय साधनं आता येत आहेत. त्यांना शिकवताना वापरलेल्या चित्रांत गडद त्वचा फार कमी होती, ही त्यांची मोठी उणीव आहे. अशा साधनाने ‘धोका नाही’ म्हटलं म्हणून फोटो तज्ज्ञाला न पाठवणं योग्य नाही.

तिळांसाठी साधा फोटो पुरेसा नसतो. डर्मोस्कोप हे साधारण दहापट मोठं करून दाखवणारं, स्वतःचा दिवा असलेलं भिंग त्वचेवरची चकाकी घालवतं आणि आतली रंगद्रव्याची जाळी व रक्तवाहिन्यांची ठेवण दाखवतं. फोनला जोडता येणारे डर्मोस्कोप मिळतात. ध्रुवीकृत प्रकाशाचा नसेल तर त्वचेवर तेलाचा किंवा जेलचा थेंब टाकून भिंग टेकवावं लागतं, आणि बुडबुडे राहू द्यायचे नाहीत; फार दाबलं तर रक्तवाहिन्या रिकाम्या होऊन दिसेनाशा होतात. डर्मोस्कोपचा फोटो एकटा पाठवू नये. त्याच्यासोबत साधा जवळचा आणि दुरून काढलेला फोटो हवाच, नाहीतर तीळ शरीरावर नेमका कुठे आहे हेच कळत नाही.

आणि रुग्णाने दाखवलेला एकच तीळ पाहून थांबू नका. रुग्ण हातावरच्या मसाची चिंता घेऊन येतो आणि पाठीवरचा मेलॅनोमा त्याला दिसतच नाही. प्रत्यक्ष भेटीत तज्ज्ञ कपडे काढायला लावून सगळं अंग पाहतो. फोटोपुरत्या सल्ल्यात ती तपासणी गळून जाते. म्हणून डागाबद्दल प्रश्न असेल तर संपूर्ण त्वचा पाठवणाऱ्याने पाहायची आणि ‘बाकी त्वचा तपासली’ किंवा ‘तपासली नाही’ हे स्पष्ट लिहायचं.

उत्तर कसं हवं

तज्ज्ञाच्या बाजूलाही तितकीच शिस्त लागते. ‘इसब वाटतं, स्टिरॉइड मलम द्या’ हे उत्तर निरुपयोगी आहे. कोणतं, किती तीव्रतेचं, कुठे, किती, किती दिवस, कमी कसं करायचं, आणि नाही जमलं तर काय?

‘किती’ हा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो, म्हणून थोडं थांबून पाहू. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून पिळलेली मलमाची ओळ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. घोट्यापर्यंतच्या एका पायाला अशा ६ ओळी लागतात, म्हणजे ३ ग्रॅम. दोन्ही पायांना एका वेळी ६ ग्रॅम. रोज एकदा, दोन आठवडे लावायचं तर ८४ ग्रॅम झाले. १५ ग्रॅमची एक ट्यूब लिहून दिली तर ती अडीच दिवसांत संपायला हवी. रुग्ण ती दोन आठवडे पुरवतो, आजार हटत नाही, आणि चिठ्ठीत लिहिलं जातं ‘स्टिरॉइडला प्रतिसाद नाही’. कोरड्या त्वचेचं मलम तर याहून जास्त लागतं: पसरलेल्या इसबात प्रौढाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम. तज्ज्ञाने उत्तरात ग्रॅम लिहिले तर अशा अनेक रुग्णांना पुढे पाठवावंच लागणार नाही.

खरजेचंही तसंच. ५ टक्के परमेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली, ८ ते १४ तास ठेवायचं, ७ दिवसांनी पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज असो वा नसो. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते हे रुग्णाला आधी सांगितलं नाही तर तो ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून परत येतो, आणि डॉक्टर नवी विनंती पाठवतात.

वरच्या नमुन्यातल्या विनंतीला असं उत्तर शोभेल: ‘गजकर्णाची शक्यता मोठी आहे. चट्ट्याच्या कडेवरून खरवड घ्या, मधून नको. नमुना घेतल्यावर अहवालाची वाट न पाहता टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एकदा सुरू करा. मिश्र मलम आजच बंद. पहिले काही दिवस खाज वाढेल, तेव्हा मलमाकडे परतू नये असं रुग्णाला सांगा. घरातल्या दोघांना तपासा. ४ आठवड्यांनी याच कोनातून फोटो घ्या. सुधारणा नसेल तर टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी असू शकते, तेव्हा प्रत्यक्ष पाठवा. चट्ट्यांवर बधिरपणा आला किंवा ताप आला तर आधीच पाठवा. हे मत पाठवलेल्या माहितीवर आणि फोटोंवर आधारलेलं आहे.’

यात निदानाची खात्री किती, पुढची तपासणी, औषध आणि मुदत, रुग्णाला काय सांगायचं, कधी पुन्हा पाहायचं आणि कोणत्या खुणा दिसल्या की थांबायचं नाही, हे सगळं आलं. खात्री किती आहे हे लिहिणं फार मोलाचं असतं. ‘जवळजवळ नक्की’ आणि ‘दोनांपैकी एक’ यांत पुढच्या महिन्याची सगळी आखणी बदलते. काय करू नये हेही सांगायचं: सोरायसिसच्या रुग्णाला खाज फार म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि त्या अचानक बंद केल्या तर अंगभर पू भरलेल्या पुळ्यांचा गंभीर प्रकार उद्भवू शकतो. प्राथमिक डॉक्टरांना ही एक ओळ वेळेवर मिळाली तर रुग्ण रुग्णालयात भरती व्हायचा वाचतो.

फोटो अपुरे असतील तर तज्ज्ञाने ओढूनताणून निदान करू नये. ‘सांगता येत नाही, प्रत्यक्ष पाहायला हवं’ हे पूर्ण आणि सन्माननीय उत्तर आहे.

जबाबदारी आणि व्यवस्था

रुग्ण कुणाचा? सल्ला मागितला म्हणून तो तज्ज्ञाकडे सोपवला गेला असं होत नाही. उपचार देणं, तपासण्या करून घेणं, परत बोलावणं हे प्राथमिक डॉक्टरांकडेच राहतं. मिळालेल्या माहितीवर दिलेलं मत योग्य असण्याची जबाबदारी तज्ज्ञाची. तज्ज्ञाने ‘रक्त तपासून घ्या’ लिहिलं आणि दोघांनाही वाटलं की दुसरा करेल, तर ती तपासणी कुणीच करत नाही. प्रत्येक कृतीपुढे कोण करणार हे लिहिलं की हा घोळ होत नाही. विनंती, फोटो आणि उत्तर दोन्हीकडच्या नोंदींत राहायला हवं. रुग्णाला आधी सांगावं की फोटो कुणाकडे जात आहेत, उत्तर कधी येईल आणि ते कोण कळवेल. प्रत्यक्ष तज्ज्ञालाच भेटायचं असा आग्रह असेल तर तो मान्य करायचा.

मुदत ठरलेली हवी, आणि ती मोडली तर काय होणार हेही. कामाच्या दोन-तीन दिवसांत उत्तर ही बहुतेक प्रश्नांसाठी वाजवी अपेक्षा आहे. तज्ज्ञ रजेवर असेल तर विनंती दुसऱ्याकडे वळली पाहिजे. मुदत उलटली तर विनंती आपोआप नेहमीचं रेफरल बनावी. नाहीतर ती कुणाच्याच लक्षात न राहता पडून राहते, आणि रुग्ण घरी बसून समजतो की सगळं सुरळीत चाललं आहे.

तज्ज्ञांच्या वेळापत्रकात या कामासाठी राखीव तास नसतील तर उत्तरं रात्री घाईने लिहिली जातात आणि दोन ओळींची होतात. प्राथमिक डॉक्टरांचंही तसंच: फोटो काढणं, प्रश्न लिहिणं, उत्तर वाचून रुग्णाला पुन्हा बोलावणं याला खराखुरा वेळ जातो. इंग्लंडमध्ये २०२५ साली अशा विनंत्यांसाठी प्राथमिक डॉक्टरांना वेगळा मोबदला देणं सुरू झालं, ते याच कारणाने योग्य वाटतं. रुग्णालयाची रांग फुकटात दवाखान्यावर ढकलली तर ही पद्धत टिकत नाही. आणि सल्ला मागितल्याशिवाय रेफरल घेणारच नाही असा सरसकट नियम केला तर तिचं दार बंद करणाऱ्या पहारेकऱ्यात रूपांतर होतं. ज्याला तातडीची गरज आहे तोही मग बाहेर अडकतो.

उत्तरांतून डॉक्टर शिकतात, आणि हा लाभ दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सी साठी सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट इको’ने दूरदूरच्या डॉक्टरांना आठवड्याच्या बैठकीत खऱ्या रुग्णांवर चर्चा करत शिकवलं, पुढे ती रीत त्वचाविकारांसह अनेक क्षेत्रांत गेली. छोट्या प्रमाणावर कुणालाही हे करता येतं. महिन्याभरातल्या विनंत्या चाळल्या की कोणता प्रश्न सारखा येतो ते दिसतं. गजकर्ण की इसब हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर खरवड घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला शिकवण्याचा एक तास डझनभर उत्तरांहून जास्त कामाचा.

मोजायचं काय

किती रुग्ण पाठवावे लागले नाहीत हा आकडा सगळे आधी मागतात. तो एकटा फसवा आहे. आज न पाठवलेला रुग्ण तीन महिन्यांनी, आजार वाढवून आला तर ते टाळलेलं रेफरल नव्हतं, लांबवलेलं होतं. म्हणून त्याच रुग्णाचं तीन महिन्यांनी काय झालं हे पाहावं लागतं. त्यासोबत: उत्तराला किती दिवस लागले, किती विनंत्या फोटोअभावी परत गेल्या, सल्ल्यामुळे किती जणांची तारीख अलीकडे आणली गेली, आणि सांगितलेली तपासणी खरंच झाली का. तारीख अलीकडे आणल्याचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण साध्या रांगेत हे रुग्ण कुणाच्या नजरेस आलेच नसते.

सुरुवात करणाऱ्या ठिकाणी आधी मागच्या काही महिन्यांतल्या रेफरल चिठ्ठ्या तज्ज्ञ आणि प्राथमिक डॉक्टरांनी एकत्र बसून वाचाव्यात, आणि कुठल्या प्रकारच्या चिठ्ठ्यांना फोटो व प्रश्न पुरला असता ते ठरवावं. मग दोन-तीन दवाखाने, एकच साधा नमुना-अर्ज, एक डर्मोस्कोप, आणि उत्तर देणाऱ्याचे ठरलेले तास. ज्यांना ‘पाठवायची गरज नाही’ असं उत्तर दिलं, त्यांची यादी कर्करोगाच्या नोंदींशी आणि बायोप्सीच्या अहवालांशी दर काही महिन्यांनी ताडून पाहायची. या यादीत एखाद्याचा कर्करोग नंतर निघाला तर मूळ फोटो आणि मूळ प्रश्न पुन्हा उघडायचे: फोटो अस्पष्ट होता का, डर्मोस्कोपचा फोटो नव्हता का, वाढीचा वेग लिहायचा राहिला का, की सगळं समोर असूनही उत्तरात चूक झाली. ही पाहणी उत्तर देणाऱ्या तज्ज्ञाने एकट्याने करू नये. विनंती पाठवणारा डॉक्टर आणि दुसरा एक तज्ज्ञ सोबत हवा.